बालवाडीत शेकरूचं पत्र येतं तेव्हा

गोष्टीतल्या पात्राचं पत्र वर्गात येतं आणि त्यावरून पोरांचं आठवडाभर शिकणं चालतं, ही आयडिया आता बऱ्याच जणींना माहितीय. व्हॉट्सअ‍ॅपवर तयार पत्रांच्या पीडीएफ पण फिरतात, रंगीत बॉर्डर, फुलपाखरं, खाली 'चला मोजूया'. त्या आधी डिलीट करा. मी साताऱ्यात बालवाडी घेते, दरवर्षी पत्रं येतात आमच्याकडं, त्यामुळं बोलतेय.

पात्र जवळचं घ्या. मी शेकरू घेते, आपला राज्यप्राणी, महाबळेश्वरच्या जंगलात असतो आणि वर्गातल्या एकदोघांनी तरी तो बघितलेला असतो. पेंग्विननं पत्र पाठवलं तर पोरं ऐकतील हो, पण बर्फावर राहणाऱ्याला ती सल्ला काय देणार?

पोस्टकार्ड आणा, ५० पैशांना मिळतं. पत्ता ४१५००१ पिनसकट घाला आणि खरंच लाल पेटीत टाका, कारण पोरांना तो काळा शिक्का बघायचा असतो. अक्षर मात्र दुसऱ्या कुणाचं तरी घ्या. एका वर्षी मीच लिहिलं तर एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, ह्यो 'क' तर तुमचाच हाय."

आता मजकूर. इथंच सगळं बिघडतं, माझंही बिघडलं होतं. पहिलं पत्र मी फुलस्केप कागदावर पानभर लिहिलेलं, शेकरू म्हणतो माझ्याकडं पाच जांभळं आहेत, दोन खाल्ली तर किती उरली, आणि जेवायच्या आधी हात धुता ना, आणि आईचं ऐकता ना. तिसऱ्या ओळीला एकजण चपलेचा बंद ओढत बसला, पाचव्या ओळीला दोघं खिडकीत. मला वाटलं पोरंच चंचल आहेत. चंचल कसली, शेकरूच्या तोंडून बाईच बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या वेळी पोस्टकार्डच घेतलं, त्यात जागाच आठ ओळींची, बडबडच करता येत नाही. लिहिलं एवढंच: काल रात्री वारं आलं, माझं घरटं पडलं, परत कशाचं बांधू, कळवा. बस्स. उपदेश नाही, मोजणी नाही, फक्त अडचण, आणि ती पण अशी की तिचं एकच बरोबर उत्तर नसेल. त्या दिवशी काड्या आल्या, काथ्या आला, उशीतला कापूस आला, एकानं बापाचं हेल्मेट आणलं (घरून फोन आला मग). काड्या लांब का आखूड, कापूस पावसात भिजला तर काय, हे सगळं त्यांनीच काढलं, आणि जांभळांनी जी मोजणी जमली नव्हती ती काड्यांनी आपोआप झाली.

पत्र वाचून झालं की गप्प बसा. हे मला सगळ्यात जड गेलं. 'मग आपण काय करूया?' असं लगेच विचारायचं नाही, मनात वीसपर्यंत मोजा. आमच्यात त्या शांततेत एक बारकं पोर बोललं, "पर त्याला हात हायत का?" त्यावरच पुढचे दोन दिवस गेले.

प्राण्याची माहिती मात्र खरी पाहिजे. शेकरू झाडावरच राहतो, खाली क्वचित उतरतो, आणि एकाच वेळी त्याची तीनचार घरटी असतात, म्हणून माझं दुसरं पत्र ठरलेलंय: आज कुठल्या घरट्यात झोपू? खोटी माहिती घातलीत तर सुट्टीत महाबळेश्वरला जाऊन आलेलं पोर येऊन तुमची विकेट काढतं.

उत्तर पोरांना लिहू द्या. रेघोट्या असल्या तरी ते लिखाणच आहे, वर बसून अक्षरं गिरवून घेऊ नका, फक्त 'काय लिहिलंयस?' विचारा आणि तो सांगेल ते मागं पेन्सिलीनं टिपून ठेवा, पालकमीटिंगला 'एबीसीडी कधी?' म्हणणाऱ्यांसमोर ते कामाला येतं. मी पोरांदेखत पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायला लावते, उत्तरं माझ्याकडंच राहतात. पुढचं पत्र तीनचार दिवसांत आलंच पाहिजे, आणि त्यात त्यांच्यातल्या एकाची तरी गोष्ट यायला हवी, नाहीतर सगळं मुसळ केरात. हेल्मेटवाल्याला शेकरूनं लिहिलं होतं, घर मजबूत आहे पण फांदीवर बसत नाही.