शेवटच्या दहा फेऱ्या कशा बघायच्या

मोटार शर्यत शेवटच्या दहा फेऱ्यांवर आली की क्रमवारीपेक्षा पहिल्या दोघांमधलं अंतर बघा आणि त्याला उरलेल्या फेऱ्यांनी भागा. अंतर 6 सेकंद, फेऱ्या 10, म्हणजे मागच्याने दर फेरीला 0.6 सेकंद कापायला हवेत. सलग तीन फेऱ्या तो 0.8 कापत असेल तर खुर्ची सोडू नका!

पण गाठणं वेगळं, ओलांडणं वेगळं. सेकंदभराच्या आत आल्यावर पुढच्या गाडीमागची ढवळलेली हवा गाडीच्या पंखांवर (हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) येते, वळणात पकड सुटते, गाडी घसरते आणि टायर तापतात. म्हणून चांगला ड्रायव्हर वळणात थोडा मागे राहतो आणि सरळ पट्ट्यावर झेप घेतो. टायर किती फेऱ्या जुने आहेत तेही बघा. बहुतेक वेळा निकाल तिथेच दडलेला असतो.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या 2.5 मैलांच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, गणित उलटं. पुढची गाडी हवा फोडते, मागचीला कमी रोध लागतो. त्यामुळे शेवटच्या फेरीला दुसरा असणं फायद्याचं. पहिल्या आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडावर नजर ठेवा. 1992 साली तिथे अल अन्सर ज्युनियर केवळ 0.043 सेकंदाने जिंकला.

मागे पडलेल्या गाड्याही विसरू नका. तिथेच 2011 मध्ये आघाडीवरचा जे. आर. हिल्डेब्रँड शेवटच्या वळणावर अशाच एका संथ गाडीला बाहेरून ओलांडताना भिंतीवर आदळला आणि डॅन व्हेल्डन जिंकला.