‘डी’ची पुडी आणि गोड बातमीची घाई: या चुका टाळा

दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या होतात, रिपोर्टात व्हिटॅमिन डी कमी निघतं आणि घरादाराला हायसं वाटतं. सापडलं कारण! मग रिपोर्ट घेऊन मंडळी देवगडातल्या माझ्या औषधांच्या दुकानात येतात.

सगळ्यात महागात पडते ती पुडीची चूक. 60,000 युनिटची पुडी डॉक्टर सहसा आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे देतात. वाडीतल्या एका सासूबाईंनी ती सुनेला रोज पाजली. “शिमग्याआधी कायतरी कळाक होया!” पुड्या वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. महिना-दीड महिन्यात सुनेला उलट्या सुरू झाल्या आणि घरात आनंदीआनंद. मुंबईला फोन गेले, देवाला नारळ ठेवला. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर एकच रेघ येत होती, तर म्हणे “पट्टी खराब असतली”. पोरीची तहान भागेना, पोट साफ होईना, ती उठेनाशी झाली तेव्हा कुठे रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच चढलं होतं. बातमीऐवजी सलाईन.

हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. कॅल्शियम वाढलं की किडनीवर बेततं. मी आता प्रत्येक पुडीवर पेनाने वार आणि तारीख घालूनच देतो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

अंडाशयात आणि गर्भाशयाच्या अस्तरात ‘डी’चे रिसेप्टर, म्हणजे पेशींतल्या त्याला धरून घेणाऱ्या जागा, असतात, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा त्रास) असलेल्या मुलींत कमतरता बऱ्याचदा दिसते, हे खरं. पण म्हणून पुडी हे मूल होण्याचं औषध ठरत नाही. इटलीत आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) करणाऱ्या 630 स्त्रियांवरची चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकदम सहा लाख युनिटचा डोस देऊनही गर्भ राहण्याचं प्रमाण वाढलं नाही. कमतरता भरायचीच, हाडांसाठी आणि पुढच्या गरोदरपणासाठी. पण तेवढ्यावर पाळणा हलेल असं धरून बाकीच्या तपासण्या लांबवू नका.

“आमच्याकडे उनाचो काय तोटो?” हे दुसरं. सकाळच्या कोवळ्या, तिरप्या उन्हात कामाचे अतिनील किरण फारसे नसतात आणि खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन हवं. मी सांगतो, वाळवण पालथं करायला जाता ना, तेव्हा पदर-ओढणी गुंडाळू नका, वीस-तीस मिनिटं हातपाय उघडे राहू देत. पावसाळ्यात तर आभाळ भरलेलं, होड्या किनाऱ्यावर आणि वर श्रावण. बांगडा-तारली हे ‘डी’ देणारे मासेही ताटातून जातात.

पुडी उपाशीपोटी घेऊ नका, भरल्या जेवणावर घ्या.

नवऱ्याची वीर्यतपासणी बायकोच्या पहिल्या रिपोर्टाबरोबरच करा.

फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी. दर पंधरवड्याला रक्त द्यायला धावलात तर पैसे तेवढे जातील.