फुंकणीवर पेटणारा एलईडी

माडाच्या पात्याचे भिरभिरे आणि चुलीजवळची फुंकणी या गोव्यातील जुन्या घरांत हाताशी असणाऱ्या वस्तू. त्यांच्या जोडीला बिघडलेल्या सीडी ड्राइव्हमधील किंवा खेळण्यातील लहान डी.सी. मोटर मिळाली, तर तोंडाच्या फुंकरीवर एलईडीचा छोटा दिवा लावता येईल, असे कोणालाही वाटेल. तो लागतोही, मात्र भिरभिऱ्याने नव्हे.

मोटरीचा दांडा बाहेरून फिरवला की आतील तारेची वेटोळी चुंबकाच्या क्षेत्रातून फिरतात आणि मोटरीच्या दोन टोकांवर वीज मिळते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. मिळणाऱ्या विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोटर निवडतानाच निम्मे काम होते. ६ व्होल्टवर मिनिटाला ६,००० फेरे घेणारी मोटर आपण फिरवली, तर मिनिटाला दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे १ व्होल्ट हाती येतो. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. त्यामुळे आरंभी लालच घ्यावा. प्रिंटरमधील स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर कमी वेगातही चांगला दाब देते, परंतु तिचा दांडा फिरताना अडखळतो आणि फुंकरीने तो हलतच नाही. संगणकाचा पंखाही जसाच्या तसा वापरू नये, कारण आतले सर्किट बहुधा वीज बाहेरच्या तारांपर्यंत येऊ देत नाही.

भिरभिरे डौलदार फिरते, पण सावकाश; येथे लहान आणि चपळ चाक हवे. बाटलीच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला कडेने समान अंतरावर आठ चिरा पाडाव्यात, बाटलीच्या वळलेल्या भागातून एक सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब अशी आठ पाती कापावीत, आणि सर्वांचे खोलगट अंग एकाच दिशेला येईल अशा बेताने ती चिरांत चिकटवावीत. झाकणाच्या नेमक्या मध्यभागी तापवलेल्या सुईने दांड्याहून किंचित लहान भोक पाडून चाक घट्ट बसवावे. भोक थोडे जरी सरकले तरी चाक थरथरते आणि वेग घेत नाही. मला स्वतःला तिसऱ्या झाकणावर यश आले.

फुंकणीच्या पुढच्या टोकाला पेनची रिकामी नळी गोंदाने अशी बसवावी की फटीतून हवा सुटणार नाही. तोंड अरुंद झाल्याने तोच श्वास अधिक वेगाने बाहेर पडतो. हा झोत चाकाच्या मध्यावर न मारता कडेच्या पात्यांच्या खोलगट बाजूवर सरळ धरावा. चाक वेगात फिरूनही एलईडी लागला नाही, तर एलईडीला जोडलेल्या मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी, कारण एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते.

सलग फुंकल्याने चक्कर येते, म्हणून चार-पाच फुंकरींनंतर थांबावे, किंवा फुगा फुगवून त्याचे तोंड नळीला लावावे. सायकलचा पंप वापरायचा असल्यास एलईडीसोबत १०० ओहमचा रोधक (रेझिस्टर, वीज मर्यादित ठेवणारा भाग) जोडावा.

नरकचतुर्दशीसाठी मुले वाड्यावर नरकासुराचा छोटा पुतळा करतात, त्याच्या डोळ्यांत दोन लाल एलईडी समांतर जोडले, तर फुंकर मारताच तो डोळे वटारतो. एकापुढे एक जोडल्यास मात्र दुप्पट दाब लागेल. पहाटे नरकासुर जाळण्यापूर्वी मोटर काढून घेण्यास विसरू नये.