कार्बन ब्लॅक घालून पॉलिप्रॉपिलीन विद्युतवाहक कसे करावे

पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची पावडर) थोडा थोडा वाढवला तर आधी त्याचा विद्युतरोध जेमतेम हलतो. मग कणांची सलग साखळी जुळते आणि तो अचानक लाखो पटींनी कोसळतो. ही सीमा साध्या ब्लॅकमध्ये वजनाने बरीच वर असते. फांद्याफांद्यांची रचना असलेल्या वाहक ग्रेडला मात्र निम्मा मालही पुरतो, म्हणून तोच घ्या. सीमा कुठे आहे ते कळावे म्हणून वजनाने 4, 6, 8, 10 आणि 12 टक्के ब्लॅकचे वेगवेगळे घाणे (मिश्रणाचे लॉट) काढा.

ब्लॅक 110 अंश सेल्सिअसला तीन-चार तास वाळवा, नाहीतर ओलाव्याने बुडबुडे येतात. पॉलिमर (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) 200 अंशांच्या आसपास पूर्ण वितळल्यावरच पावडर दोन-तीन हप्त्यांत घाला. टॉर्क (मिसळणारे यंत्र फिरवायला लागणारा जोर) स्थिर झाला की मिसळणे थांबवा. खरी मेख इथेच आहे: कमी घोटले तर गाठी राहतात, जास्त घोटले तर फांद्या तुटून रोध पुन्हा चढतो.

2 मिमी पत्रा दाबून काढा, टोकांना चांदीचा रंग लावा आणि चार टोकांच्या पद्धतीने (दोन टोकांतून प्रवाह सोडून दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज बघून) रोध मोजा. नुसत्या मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या तर संपर्काचाच रोध दिसतो. इंजेक्शन मोल्डिंगच्या भागावर पॉलिमरची पातळ साय धरते, म्हणून पृष्ठभाग फसवतो. साचा गरम ठेवा, इंजेक्शनचा वेग कमी करा.

सीमेच्या फार पुढे जाऊ नका. कडकपणा वाढतो, पण माल ठिसूळ होतो आणि साच्यात नीट वाहत नाही. अगदी सीमेवरही थांबू नका, कारण तिथे घाण्यागणिक रोध बदलतो. एक-दोन टक्के वर राहा.