सर्व्हेला सगळ्यांना येता यावं म्हणून काय काय करायचं

पक्ष्यांचा, फुलपाखरांचा नाहीतर खेकड्यांचा सर्व्हे घ्यायचाय आणि त्यात नेहमीचीच शहरातली, घरी गाडी असलेली, इंग्रजी माध्यमातली मुलं नकोत, तालुक्याच्या कॉलेजातल्या मुली, आदिवासी पाड्यावरची माणसं, अपंग मित्र-मैत्रिणी सगळे हवेत, असं मनापासून वाटत असेल तर हे वाचा. अकरा वर्षं मी छोटे सर्व्हे आणि निसर्ग शिबिरं घेतेय आणि एक गोष्ट पक्की कळलीये, कुणाला बाहेर काढावं लागतच नाही, माणसं आपली आपणच गळतात, बऱ्याचदा तर नोटीस वाचतानाच.

म्हणून सुरुवात नोटिशीपासून करा. "स्वतःची दुर्बीण आवश्यक, इंग्रजी उत्तम हवं, मानधन नाही, प्रवासखर्च स्वतःचा" या चार अटींत अर्धा महाराष्ट्र गळाला. बऱ्यापैकी दुर्बीण घ्यायची तर आठ-दहा हजार जातात, ते कुठून आणायचे? दोघांत एक दुर्बीण पुरते, चार-पाच ग्रुपकडून गोळा करा आणि नोटिशीत पहिल्याच ओळीत लिहा की दुर्बीण आमच्याकडे मिळेल. नोटीस मराठीत लिहा, आणि नुसती आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न फिरवता तालुक्याच्या कॉलेजातल्या बॉटनी-झूलॉजीच्या सरांना, आश्रमशाळेच्या बाईंना, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात, बचत गटाच्या ताईंना पाठवा. सोबत एक-दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाका, लांबलचक पीडीएफपेक्षा तो जास्त ऐकला जातो.

पैशाचं नीट ऐका कारण सगळ्यात जास्त गळती इथे होते. "आधी खर्च करा, बिलं जोडा, मग पैसे देऊ" ही पद्धत बंद करा. आमच्या एका सर्व्हेला निवड झालेली एक मुलगी आलीच नाही, फोनही उचलेना, आम्ही म्हटलं हिला इंटरेस्ट नसेल. दोन महिन्यांनी तिच्या मैत्रिणीकडून कळलं की एसटीचे येण्या-जाण्याचे चारशे रुपये घरात आधी घालायला नव्हते आणि ते सांगायची तिला लाज वाटली. तेव्हापासून आम्ही प्रवासाचे पैसे आधी देतो, सगळ्यांना देतो, मागायला लावत नाही. महिना-महिनाभराची बिनपगारी इंटर्नशिप तर ठेवूच नका, ज्याच्या घरी त्याच्या मजुरीवर चूल पेटते तो कसा येणार? बजेट कमी असेल तर माणसं कमी घ्या, दिवस कमी करा, पण जे येतील त्यांना निदान रोजाइतकं तरी द्या.

तारखा ठरवताना भातलावणी आणि कापणीचे दिवस सोडा, १४ एप्रिलला शिबिर ठेवू नका, आणि रोजे चालू असताना ठेवायचंच झालं तर सहरी-इफ्तारची सोय आधी विचारून घ्या.

आता बाथरूम. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम बोलते. माळरानावर सकाळी साडेपाचला निघायचं, परत यायला एक वाजतो, मध्ये एक झुडूप नाही, आणि मी स्वतः पहिली काही वर्षं आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करायचे. बऱ्याच मुली हेच करतात, मग उन्हात चक्कर येते आणि वर ऐकायचं की मुलींना फिल्ड झेपत नाही. उपाय अगदी साधाय. रूट ठरवतानाच दर दोन-अडीच तासांवर शाळा, मंदिर, कुणाचं घर असं एक ठिकाण धरा, काहीच नसेल तर गाडीत एक छोटा पॉप-अप तंबू, पाणी आणि सॅनिटरी पॅड ठेवा, आणि निघतानाच सगळ्यांसमोर जाहीर सांगा की इथे इथे थांबणार आहोत. विचारायला लागू नये हे महत्त्वाचं. घरच्यांसाठी राहण्याची जागा, सोबत कोण बाई आहे, परत किती वाजता हे कागदावर लिहून द्या, लागलं तर आईशी फोनवर बोला.

राहणं आणि जेवण यात जात हळूच आत येते, डोळे उघडे ठेवा. ओळख करून देताना आडनाव विचारू नका, नाव पुरे. वाटाड्या आणि ड्रायव्हर वेगळे जेवतायत असं दिसलं तर ते तिथल्या तिथे बदला, सगळ्यांची एकच पंगत. कुणी सुकट आणली, कुणी खेकडे खातं म्हणून नाक मुरडणाऱ्याला स्पष्ट थांबवा.

भाषेचं म्हणाल तर डेटा शीट मराठीत काढा, पक्ष्यांची चित्रं टाका आणि "गावातलं नाव" असा एक कॉलम ठेवा. लॅटिन नाव नंतर शिकता येतं, त्यात काही अवघड नाही. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं त्याला आपण मराठीत नीलवंत म्हणतो, राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल तर आधीपासून आहेतच, मग शीटवर ब्लू मॉरमॉन एवढंच का? ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना आवाजावरून पक्षी मोजायच्या टीममध्ये घ्या, पहाटेच्या नोंदींत निम्म्याहून जास्त काम कानांचंच असतं. चालता येत नसेल त्यांच्यासाठी एका जागी बसून मोजणीचा पॉइंट ठेवा, जिथे गाडी थेट जाते असा.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. काही वर्षांपूर्वी रायगडात खेकड्यांच्या एका सर्व्हेत मी होते, आमच्यासोबत एक कातकरी मावशी होत्या. बिळाच्या तोंडाशी वाकायच्या, ओल्या मातीच्या गोळ्यांना बोट लावायच्या आणि सांगायच्या, आत आहे, नाहीतर हे रिकामं, पुढं चला. पाच दिवसांत एकदाही चुकल्या नाहीत. त्या सर्व्हेवरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा आमची सगळ्यांची नावं वर आणि त्या आभारात, "स्थानिक मदतनीस", नावसुद्धा नाही. मी तेव्हा बोलले नाही, ते अजून टोचतं. राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत पण त्यांनी गावठी बियाणं राखलं आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं, अकोला-वाशीमकडे फासेपारधी तणमोर या दुर्मिळ पक्ष्याचं माळरान राखतायत, ज्या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगारी जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. ज्ञान आहेच, त्याला नाव द्यायचं राहिलंय. तर काम सुरू व्हायच्या आधीच लेखी ठरवा, कोणाचं नाव कुठे येणार, पैसे किती, फोटो वापरायला परवानगी आहे का. ज्याने प्रजात ओळखली, जागा शोधली तो लेखक, डिग्री असो नसो. गावाची जैवविविधता समिती असेल तर तिला सोबत घ्या, २००४ च्या नियमांत त्यात एक तृतीयांश बायका आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य असायला हवेत असं लिहिलं होतं, बऱ्याच ठिकाणी ही माणसं कागदावरच राहिली, त्यांना शोधून काढा आणि मीटिंगला खुर्ची द्या.

विमा वाटाड्याचाही काढा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात वाघांच्या गणनेच्या वाटेवर चालताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला, सोबत वनमजूर होते. धोका सगळ्यांना सारखा असतो, मग कागदही सारखे असू देत.

छेडछाडीची तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्या दिवशी सांगा, दोन नंबर द्या, त्यातला एक टीमबाहेरच्या बाईचा, कारण त्रास देणारा बऱ्याचदा सर्व्हेचा प्रमुखच असतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामासाठी गेलेल्या प्रत्येक जागेला आणि ऑफिसच्या गाडीलाही लागू आहे, आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

सर्व्हे झाल्यावर महिन्याभरात गावात परत जा आणि यादी मराठीत मोठ्याने वाचा. गेल्या वर्षी वाचायला लागलो तर तिसऱ्याच नावाला एका आजींनी हात वर केला, म्हणाल्या हा पक्षी आमच्या तळ्यावर नसतो गं, हा पलीकडच्या धरणावर असतो. तिथेच बसून शीट्स उघडल्या तर खरंच दोन जागांचे कागद आमच्याकडून एकात एक मिसळले होते, आणि मग आजींना शेजारी बसवून अख्खी यादी परत पहिल्यापासून लावली.