जुन्या एअर पिस्तुलाचा भरकटलेला नेम : माझा अनुभव
सांगलीत एका ज्येष्ठ नेमबाजाकडून घेतलेल्या जुन्या ४.५ मिमी एअर पिस्तुलाचे छरे १० मीटरवरच्या लक्ष्यफलकाच्या ५९.५ मिमी व्यासाच्या काळ्या वर्तुळातही एकत्र पडेनात, तेव्हा दोष माझ्या हाताचाच असावा, असे मी महिनाभर धरून चाललो. अखेर पिस्तूल टेकूवर ठेवून झाडले, तरी फैलाव तसाच राहिला. मागच्या साइटचा (नेम धरायच्या खाचेचा) स्क्रू घट्टच होता. नळीतून ओढलेला फेल्टचा बोळा शिशाने काळाकुट्ट निघाला. परंतु सफाईनंतरही पाचसहा छऱ्यांमागे एखादा खालीच जाई. मग छरा भरतो त्या सांध्यावर टिश्यू कागदाची पट्टी ठेवून बार काढला, तेव्हा ती फडफडली; हवा तिथूनच निसटत होती. त्या सांध्यातून हवा निसटू न देणारी, पण आता चिरलेली रबरी कडी म्हणजे ओ-रिंग (किंमत अगदी किरकोळ) बदलल्यावर टेकूवरून झाडलेले दहाही छरे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जाऊ लागले.