निकालात समाप्तीची वेळच नव्हती: माझा अनुभव

नवी मुंबईत पाम बीच मार्गावरील १० किलोमीटरच्या शर्यतीत मी अंतिम रेषा ओलांडली, पदकही गळ्यात पडले. संध्याकाळी निकाल पाहिला तेव्हा मात्र सुरुवातीच्या वेळेपुढे, समाप्तीच्या रकान्यात नुसती रेघ होती.

आयोजकांना चिडून लिहिण्याआधी बिब, म्हणजे शर्टावर पिनांनी लावायचा धावपटूचा क्रमांक, उलटे करून पाहिले, हे बरेच झाले. मागे चिकटवलेल्या, वेळ नोंदवण्यासाठीच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रेषेवरच्या अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओलहरींच्या ऊर्जेवरच त्यातील चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात आणि या लहरी पाणी, म्हणजेच आपले शरीर आणि घामाने चिंब शर्ट, शोषून घेते. म्हणून टॅगवर फोमची पट्टी असते, जी त्याला अंगापासून काही मिलिमीटर दूर ठेवते. ती पोटाला टोचते म्हणून मी सकाळी रिक्षातच सोलून टाकली होती! त्यात बिब कमरेजवळ लावलेले. सुरुवातीला मागे असलेली मोबाइलची पाऊच धावता धावता सरकून नेमकी त्यावर आली.

घड्याळातील नोंद आणि अंतिम रेषेवरचे छायाचित्र पाठवल्यावर चार दिवसांनी वेळ मिळाली.

ठाण्यातील पुढच्या शर्यतीत फोमला हात लावला नाही, बिब न दुमडता छातीवर लावले, चारही पिना टॅगपासून दूर कोपऱ्यांत टोचल्या आणि पाऊच घरीच ठेवली. उपवन तलावाजवळ चहा घेत असतानाच वेळेचा एसएमएस आला.